चार अंश

बर्फाची लादी आणायला मी आणि इरण्णा शिपाई,
सायकलच्या कॅरिअरवर, पोत्यात, भुसा घालून.
अक्कलकोट रोडभर मागे एक ओली रेघ
आणि रेघेमागून एक कुत्रं, चाटत चाटत.
शाळेत पोचलो तेव्हा लादीचं निम्मं पोतंच झालेलं.
मार्च. रात्री आठलाही पत्र्याखाली चौतीस.

रात्रशाळा. सगळे पाळीवरून थेट आलेले,
केसांत कापसाची पिंज,
आवाज मोठे, कारण मागांच्या खडखडाटात
हळू बोलायची सवयच मोडते.
धडा : पाण्याचे असंगत आचरण.
पुस्तकात एक तळं. वर बर्फ,
बर्फावर टोपीवाला एक माणूस,
खाली तीन मासे, उगाच हसरे.
पंधरा वर्षं शिकवतेय हे तळं.
पाहिलेलं एकदाही नाही.

होपचं उपकरण शाळेकडे नाही.
म्हणून तेलाचा उभा डबा, त्याला दोन भोकं,
वर एक तापमापक, खाली एक, फटींत मेण.
डब्याच्या कमरेला बर्फ नि खडेमीठ,
चादरीच्या फाटक्या काठानं आवळून.

आधी खालचा पारा उतरला.
अठ्ठावीस. वीस. तेरा. सात.
वरचा ढिम्म.
"मॅडम, उलटं चाललंय ओ."
थंड पाणी जड, बुडतं, मी म्हटलं.
सहा. पाच.
चार.
आणि थांबला.

कुणीतरी घड्याळ पाहिलं.
दहाची पाळी असलेले दोघं उठले, परत बसले.
रंगखात्यातला अंबादास म्हणाला,
आमच्या कुंडात नव्वदला रंग धरतो,
चारला काय धरतं?
तेवढ्यात वरचा पारा हलला
आणि सुटलाच की,
चार, तीन, एक,
शून्य.
खालचा तिथंच.

चारपर्यंत पाणी आखडतं, जड होतं, तळ गाठतं.
चारच्या पुढं त्याचं मन फिरतं.
गार होता होता हलकं होतं,
वर येतं आणि वरच गोठतं.
मग गोठलेलंच झाकण होतं,
झाकणाखाली तळाशी चार अंश उरतात
चैत्रापर्यंत.
मासे जेवत नाहीत फारसे. हलत नाहीत फारसे.
पण असतात.

राजमणी शेवटच्या बाकावर.
दिवसाला हजार विड्या, बोटं पानाच्या रंगाची.
कधी काही विचारत नाही. विचारलं :
"चार अंश म्हणजे ऊब म्हणायची का, मॅडम?"
मी फळ्याकडे वळले.
खडू मोडला. घंटा झाली.

जानेवारी. गड्डा नुकताच उठलेला.
हिप्परग्याच्या तलावावर पहाटे,
सातप्पा भोयाच्या थर्माकोलच्या तराफ्यावर
गुडघे पोटाशी घेऊन मी.
बाटलीला दगड, बुचाला वेगळा दोरा,
दोरा म्हणजे पीळदार सूत, हातहातावर गाठ,
इरण्णाच्या बायकोनं मोजून मारलेली.
खाली सोडायची, बूच ओढायचं,
बुडबुडे संपेपर्यंत थांबायचं.

वर : एकवीस.
पाच हात : एकवीस.
नऊ हात : एकवीस.
तळ, चिखल लागला तिथं : एकवीस.

सातप्पा हसला. "उन्हाळ्यात या की.
वर भाजतंय, खाली पाय सोडला की गार लागतंय.
आता समदं एकच."
इथं झाकण नाही.
रात्रभर वरचं पाणी निवतं, बुडतं,
खालचं वर येतं, तेही निवतं,
आणि हिवाळाभर हे असंच,
कुणीच तळाशी राहत नाही.
वहीत एकाखाली एक चार एकवीस लिहिले.
पुस्तकातल्या तळ्याला हे दाखवायची सोय नाही.

हवा तेरा. पाण्यावरून वाफ निघत होती.
तळाची बाटली मी तळहातावर ओतली
आणि बोटं आपोआप मिटली.

राजमणी दिवाळीनंतर शाळेत आलेली नाही.
घर विडी घरकुलात, एवढंच माहीत आहे.
गल्ली विचारून घेईन.
सांगायचंय, हो, म्हणायची.

"बाटली लागत नसंल तर द्या," सातप्पा म्हणाला,
"रॉकेल ठेवायला."